चौतिसाव्या वर्षी सेवानिवृत्ती

आदरणीय वन्संना धाकट्या भावजयीचा दोन्ही हात जोडून (एका हातात पेन आहे, तेवढं समजून घ्यावं) नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींची साखर त्यांच्या ताब्यात आहे की ते साखरेच्या? वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने शेवटी नळ दुरुस्त केला का, की अजून तुम्हीच बादली ठेवताय? या सगळ्याची खुशाली सविस्तर कळवावी. आम्ही इकडे खुशाल आहोत. (पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खुलासा पुढे येईल. चष्मा आणि चहा घेऊन बसा, पत्र लांबणार आहे.)

मागच्या पत्रात तुम्ही खोचकपणे विचारलं होतंत, की एवढं घरदार बंद करून, तुमच्या बंधुराजांना बाजारातल्या पिशवीसारखं हातात घेऊन त्या टोकाला गेलीस, तर तिथे शिक्षकांना खरोखरच एवढा पगार देतात का. देतात, वन्सं. देतात, आणि वर भत्ते देतात. दुर्गम भागाचा भत्ता, थंडीचा भत्ता, धुक्याचा भत्ता (थंडीचा आणि धुक्याचा वेगळा, थंडी नसताना धुकं असलं तर दुसराच मिळतो). राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात पाणी, त्या पाण्यात गरम पाणीसुद्धा. दवाखाना फुकट. वर्गात मुलं इतकी थोडी, की पहिल्या दिवशी मला वाटलं बाकीची मागून येतायत.

आणि आपल्याकडे मी काय करत होते ते तुम्हाला माहीतच आहे. तासिका तत्त्वावर नेमणूक. म्हणजे जेवढे तास शिकवीन तेवढ्याचे पैसे, आणि तेही संस्थेला आठवण झाली तर. सुट्टी लागली की पोटालाही सुट्टी. वर्गात मुलं अशी कोंबलेली की मागच्या बाकावरची मी पुढे बोलावली तर पुढची बाहेर पडायची. शिवाय जनगणना मी करायची, मतदारयाद्या मी तपासायच्या, संस्थेच्या चिटणीससाहेबांच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते मैदानात उभी राहून मीच दाखवायचं. एवढं करूनही वेतनवाढीचा विषय काढला की चिटणीससाहेब म्हणायचे, ‘बाई, शिक्षण हे व्रत आहे.’ त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी किती व्रतस्थपणे खर्च केला ते मी मैदानातून पाहिलेलं होतं.

तेव्हा ही जाहिरात दिसली आणि मी अर्ज टाकला. नेमणुकीआधी आम्हा सगळ्यांना प्रशिक्षणाला बोलावलं होतं. तिथे निरनिराळ्या भागांतले शिक्षक जेवणाच्या टेबलावर बसून एकमेकांच्या पगाराची चौकशी करत होते. (आजारी माणसं जशी वॉर्डात एकमेकांची औषधं विचारतात, तशी.) समुद्राकडचे एक मास्तर म्हणाले, आमचा पगार वेळेवर होतो, पण भरतीच्या दिवसांत शाळा पाण्यात जाते आणि पाण्यातले दिवस कापून घेतात. खाणीकडच्या एकांना भरपूर पगार होता, खोकलाही तेवढाच होता. सीमेजवळच्या एक शिक्षिका होत्या, त्यांना दोन्ही बाजूंची सरकारं आपली मानत नाहीत म्हणून पगार कुणीच देत नाही, तपासणीला मात्र दोन्हीकडून साहेब येतात. मी माझं ठिकाण सांगितलं तेव्हा सगळ्यांनी आपापल्या ताटात पाहिलं. मग खोकलेवाले मास्तर म्हणाले, ‘तिकडून आजवर कुणी बदली मागितलेली नाही.’ मी ती स्तुती समजले आणि आणखी एक पोळी घेतली.

आता मूळ हकीकत.

इथे खोरं आहे, वर पाटीच्या दगडाची खाण आहे, खाली एक लांब रस्ता आहे आणि रस्त्याच्या शेवटी शाळा. रस्त्यावर शिंप्याचं दुकान, बँक, दूधकेंद्र, कचेरी, सगळं एका ओळीत. धुकं असं की समोरून माणूस येतो तो आधी खोकतो, मग दिसतो. मोठ्या वर्गांना शिकवायला एकच शिक्षिका, तिला सगळे ‘बाई’ म्हणतात. ती मी.

पहिल्या दिवशी वर्गात गेले तर मुलांनी उठून नमस्कार केला आणि पुस्तकं उघडून बसली. कुणी नाव विचारलं नाही, कुठून आलात विचारलं नाही, कुणी खिडकीतून नव्या बाई पाहायला डोकावलं नाही. मीच म्हटलं, कुठपर्यंत झालंय? पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, काल तुम्ही अर्धं उदाहरण सोडवून ठेवलंत ना, तेच.’ फळ्यावर खरंच अर्धं उदाहरण होतं. (आणि वन्सं, माझ्याच पद्धतीने मांडलेलं. बरोबरचं चिन्ह मी जरा तिरकं काढते, तेही तिरकं.) मी हसले, म्हटलं मी आजच आले, आणि फळ्याच्या कोपऱ्यात माझं पूर्ण नाव लिहिलं. मधल्या सुट्टीनंतर परत आले तर ते पुसलेलं. त्या मुलीने आदबीने सांगितलं, ‘बाई, फळ्यावर कुणाचंतरी नाव लिहिलेलं होतं. मी पुसून टाकलं.’

मी मनात म्हटलं, लहान गाव आहे, माणसं लाजाळू असतील. पण रस्त्यावरही तेच. शिंप्याने हाक मारून थंडीचा कोट हातात दिला, म्हणाला उसवलेला खिसा शिवून ठेवलाय. मी म्हटलं हा माझा नव्हे. तो म्हणाला, ‘बाई, दरवर्षी हेच म्हणता,’ आणि पैसे घेतले नाहीत. कोट खांद्यात थोडा ढगळ होता. (आता नाही. मी जाड झाले असेन.) दूधकेंद्रावरच्या बाईंना माझ्या चहात किती दूध लागतं ते माहीत होतं. बँकेत गेले तर सहीचा नमुना आधीपासून होता आणि माझी सही त्याच्याशी जुळली.

तुमचे बंधुराज तर इथे आल्या आल्या सुधारले असं म्हणायला हवं. पहिल्याच संध्याकाळी खाणीच्या मुकादमाने त्यांना थांबवून विचारलं, ‘काय, कमरेला आराम आहे का?’ हे म्हणाले, माझी कंबर ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, तिसऱ्या दिवशी पोस्टमनने. हे चिडले. मग हळूहळू सभ्यपणाने ‘आज जरा बरं आहे’ म्हणायला लागले. पुढे एका सकाळी पाहते तर हे खरंच कमरेवर हात ठेवून उठतायत. डॉक्टरांनी मलम तयारच ठेवलं होतं. वर मुकादमाबरोबर बुद्धिबळ खेळायला लागले, आणि जिंकायला लागले. वन्सं, तुमच्या भावाला घोडा कसा चालतो हे लग्नाआधीपासून माहीत नव्हतं, हे तुम्हीच मला सांगितलेलं आहे.

आणि मग पगार झाला. नेमणुकीच्या कागदावर होता त्याच्याहून कितीतरी जास्त. मी प्रामाणिक बाई (हसू नका), तडक कचेरीत गेले आणि हेडक्लार्कना सांगितलं की काहीतरी चूक आहे. त्यांनी चष्मा पुसला, रजिस्टर पाहिलं आणि म्हणाले, चूक काही नाही, ज्येष्ठतेच्या वेतनवाढी आहेत, एवढ्या वर्षांची सेवा म्हटल्यावर तेवढ्या होणारच. मी म्हटलं, अहो, मी गेल्या महिन्यात रुजू झाले. ते फार मायेने हसले. म्हणाले, ‘बाई, मला तुम्ही पाढे शिकवलेत.’

त्यांचे केस माझ्या वडिलांपेक्षा पांढरे आहेत.

मी पैसे परत केले नाहीत. तुम्ही म्हणाल, बायकोला बुद्धी नाही निदान भावाने तरी सांगायचं. भावाने सांगितलं की घे. म्हणाले, आपल्याकडे केलेल्या कामाचे पैसे देत नाहीत, इथे न केलेल्याचे देतायत, एकूण हिशोब बरोबर होतोय. हा युक्तिवाद मला त्यावेळी अतिशय पटला.

पण त्या पैशांबरोबर दुसरंही काहीतरी येत होतं. एकदा बँकेत कॅशियर कागदावर काही लिहीत होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अजून ळ उलटाच काढतोस का रे?’ तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, ‘सुधारतो, बाई.’ त्याने तो खरंच उलटा काढला होता. पण मला कागद दिसत नव्हता, मध्ये काच होती. आणखी एकदा पुलावरून जाताना मला रडू आलं, आणि घरी येऊन कितीतरी वेळ कळेना की कुणासाठी. मुकादमाने मग ह्यांना सांगितलं की त्या पुलाखाली एका पुरात बाईंचा विद्यार्थी वाहून गेला होता. ह्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, ‘हो, फार गुणी मुलगा होता.’ मी ह्यांच्याकडे पाहतच राहिले. हे प्यादं सरकवत होते.

असं चाललेलं असताना एक दिवस शाळा सुटली. फाटकाजवळ एक वयस्क बाई हातात कापडी पिशवी घेऊन उभ्या होत्या. मुलांचा लोंढा बाहेर पडला आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी असा गेला जसा विजेच्या खांबाच्या बाजूंनी जातो. कुणी धक्का दिला नाही, कुणी वर पाहिलं नाही. मुलं संपली तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. त्यांच्या खांद्यांवरून माझी नजर हलेना, कारण माझ्या अंगातला कोट त्यांनाच नीट बसला असता.

‘तुम्ही बाई का?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘मीसुद्धा,’ त्या म्हणाल्या. ‘कंटाळला नसाल तर पाच मिनिटं बोलायचं होतं.’

मी त्यांना घरी आणलं. त्यांनी सगळं आयुष्य या शाळेत काढलं होतं, वन्सं. खाण बंद पडली त्या हिवाळ्यात पगार न घेता शाळा चालू ठेवली होती, पुरात मुलांना पाठीवर घेऊन पूल ओलांडला होता. त्यांना मूलबाळ नाही. यजमान इथेच गेले, शेवटची काही वर्षं कमरेने अंथरुणाला खिळून होते. थकल्यावर त्या भाचीकडे राहायला गेल्या आणि निवृत्तिवेतनाची वाट पाहत बसल्या. ते येईना, म्हणून विचारायला आल्या. हेडक्लार्कनी टेबलावरून मान वर न करता उत्तर दिलं की बाई तर सेवेत आहेत, सेवेत असलेल्या माणसाला निवृत्तिवेतन कसं देणार? त्यानंतर त्या पुन्हा आल्या, पुन्हा तेच उत्तर. भाचीकडे आता त्यांचं जेवण मोजून वाढतात.

मी म्हटलं, पण ही तर सरळ चूक आहे, तुमच्या आधी ज्या होत्या त्यांचं काय झालं? त्यांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘त्याही यायच्या. मग यायच्या बंद झाल्या.’

तेवढ्यात हे आतून कमरेवर हात ठेवून आले आणि खुर्चीत बसले. त्या बाई उठल्या, खाटेवरची उशी घेतली आणि ह्यांच्या पाठीशी नेमकी जिथे दुखतं तिथे सरकवली. हे ‘आह’ म्हणाले. मग बाईंना आपण काय केलं ते कळलं आणि त्या इतक्या ओशाळल्या की मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कचेरीत गेलो. हेडक्लार्कनी एक खुर्ची पुढे केली, एक चहा मागवला. मी म्हटलं, यांना पाहा, ओळखा, तुम्हाला पाढे यांनी शिकवलेत. त्यांनी माझ्या शेजारी पाहिलं. अगदी नीट, चष्मा सावरून पाहिलं. मग मला हळूच विचारलं, ‘बाई, एकट्याच आलात? सर आले असते सोबत तर बरं झालं असतं. धुक्यात असं होतं कधीकधी.’ आणि त्यांनी त्या चहाच्या कपावर बशी झाकून ठेवली, गार होऊ नये म्हणून, माझ्यासाठी.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, ‘राहू द्या. तुमचं वय आहे, संसार आहे. तुम्हाला कशाला माझा त्रास.’ त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. (तुम्ही रागावता तेव्हा मला नेहमी बरं वाटतं, हे आज लिहून टाकते.) मी त्यांना काही दिवस आमच्याकडेच ठेवून घेतलं. रोज सकाळी मी त्यांचा कोट घालून त्यांच्या वर्गात जायची, त्यांच्या वेतनवाढी घ्यायची, आणि संध्याकाळी त्या माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलेल्या असायच्या. एक दिवस त्यांनी सहज विचारलं, ‘तुमचं नाव काय?’ मी सांगायला तोंड उघडलं आणि ते पटकन येईना. आलं, पण जरा शोधावं लागलं. स्वयंपाकघरातून डबा शोधताना लागतो तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, चांगली चाललेली नोकरी कुणी सोडतं का, आणि एवढी वर्षं काढलीस, आणखी थोडी काढ. मी म्हटलं, अहो, कुठली वर्षं? हे जरा गोंधळले आणि म्हणाले, म्हणजे तेच आपलं.

मी कचेरीत गेले आणि निवृत्तीचा अर्ज हेडक्लार्कच्या पुढ्यात ठेवला. चौतिसाव्या वर्षी, वन्सं, केस काळे असताना. वयाच्या रकान्यात काय लिहायचं विचारलं, तर त्यांनी स्वतःच्या हाताने आकडा भरला आणि म्हणाले, ‘वय केव्हाच होऊन गेलं, बाई. आम्ही म्हणत होतो, तुम्हाला कधी आठवण होते.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. (आपल्याकडे माझी किरकोळ रजा मंजूर व्हायच्या आत मी बरी होऊन कामावर यायची.)

मग निरोपाचा समारंभ. शाळेच्या मोठ्या खोलीत अख्खं खोरं लोटलं. मला मधल्या खुर्चीत बसवलं, हातात फुलं दिली, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, आणि एकेक जण उठून बोलायला लागला. मुकादम पुराबद्दल बोलले. शिंपी बोलला की घरी कंदील नव्हता तेव्हा बाईंनी शाळेच्या पायरीवर बसवून वाचायला शिकवलं. कॅशियर ‘ळ’बद्दल बोलला आणि सगळे हसले. मी मान खाली घालून बसले होते. दुसऱ्याची स्तुती ऐकून घेणं किती जड असतं ते सांगता येत नाही. चोरीचं सामान घेऊन उभं राहावं आणि लोकांनी वाहवा करावी तसं. त्या बाई सगळ्यात मागच्या बाकावर होत्या. प्रत्येक जण बोलायला उठला की त्या ओठांतल्या ओठांत त्याचं नाव घेत होत्या.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, ‘हे सगळं ज्यांनी केलं त्या मी नाही. त्या तिथे मागे बसल्यात. एकदा मागे बघा.’

खोलीतल्या सगळ्या माणसांनी माना वळवल्या. बराच वेळ पाहिलं. अशी शांतता मी कुठल्याही वर्गात मिळवलेली नाही. मग सगळ्यांनी माना पुन्हा पुढे वळवल्या आणि टाळ्या वाजवल्या. मुकादम शेजारच्याला म्हणाले, ‘किती विनय आहे पाहा.’

फक्त शाळेतल्या म्हाताऱ्या शिपाईणबाई अजून मागेच पाहत होत्या. चहा वाटताना त्या मागच्या बाकापर्यंत गेल्या, त्या बाकावर एक कप ठेवला आणि पदराने डोळे पुसत परत आल्या. त्या बाईंनी तो कप दोन्ही हातांत धरला आणि चहा पिऊन होईपर्यंत खाली ठेवला नाही.

युक्ती लागू पडली, वन्सं. पहिलं निवृत्तिवेतन घ्यायला त्या बँकेत गेल्या. कॅशियरने नोटा हातात देताना मान वर केली आणि म्हणाला, ‘बाई, आता आराम करा.’ त्या पायऱ्या उतरून आल्या तोपर्यंत शिंप्याने नमस्कार केला, दूधकेंद्राच्या बाईंनी हाक मारली, मुलं थांबली. त्यांनी शिंप्याच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. रस्त्याकडे खिडकी आहे. दिवसभर कुणी ना कुणी खालून त्यांना विचारतं, जेवलात का.

आणि मला ते विचारेनासे झाले. मी बाईंच्या मागोमाग पायऱ्या उतरले तर शिंपी माझ्या जागेकडे पाहून म्हणाला, आज धुकं फार आहे. दूधकेंद्रावर मी पैसे पुढे केले तर ते तिथेच पडून राहिले. अनुभवाचा दाखला मागायला कचेरीत गेले, हेडक्लार्कनी वारा आला म्हणून खिडकी लावून घेतली. फाटकाशी उभी राहिले तर मुलं माझ्या दोन्ही बाजूंनी गेली. हे सगळं मी फार शांतपणे घेते आहे असं तुम्हाला वाटेल. मी शांतपणे लिहिते आहे एवढंच.

पण केलं त्याचा पश्चात्ताप नाही. परवा बाईंनी माझ्यासाठी भाजी निवडून ठेवली होती, ताजी, स्वतःच्या पैशांनी आणलेली. म्हणाल्या, ‘माझ्या पगाराची पहिली भाजी तुम्ही खायची.’ मी म्हटलं, निवृत्तिवेतनाची. त्या म्हणाल्या, ‘अहो, तेच ते, नावाला काय करायचंय.’

भावोजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला गरम तेल लावत जा आणि जिने चढू नका.

तुमची (निदान आज सकाळपर्यंत तरी)
भावजय

ता. क. मुद्दा राहिलाच. चिटणीससाहेबांच्या घरी तुमचं जाणंयेणं आहे. त्यांना माझ्यासाठी शब्द टाकाल का? तासिका तत्त्वावर, मानधनावर, उधारीवर, कसंही चालेल. वर्ग कितीही कोंबलेला चालेल. उलट जितका कोंबलेला तितका बरा. पोरं अंगावर आदळली पाहिजेत. जनगणनाही मीच करीन. घरोघर जाऊन दारं वाजवायची, आणि लोकांनी दार उघडून ‘तुम्ही कोण?’ म्हणून वस्सकन अंगावर यायचं, याची मला किती आठवण येते ते तुम्हाला कळणार नाही.

ता. क. दुसरा. माझ्या जागी नवी नेमणूक झाली. आमचं क्वार्टर त्यांना मिळालं, आम्ही बाईंच्या बाहेरच्या खोलीत आहोत. नवे शिक्षक चांगले धिप्पाड आहेत, आवाज खर्जातला, मिशा अशा की दोन्ही टोकांना पीळ बसतो. पहिल्या दिवशी मुलं उठून म्हणाली, ‘नमस्कार, बाई.’ मी खिडकीतून पाहत होते. ते गोंधळले, नाव सांगितलं, फळ्यावर लिहिलं. कालपासून ‘बाई’ म्हटलं की ‘हं’ म्हणतात.

ता. क. तिसरा. आम्ही केव्हाच निघालो असतो, पण मी एकटी उभी असले की बस थांबत नाही. ड्रायव्हर सरळ समोर पाहत निघून जातो. ह्यांना घेऊन गेले तर थांबेल. पण हे रोज म्हणतात, उद्या जाऊ, मुकादमाशी डाव अर्धा राहिलाय. आणि काल पाऊस होता, तर हे छत्री घेऊन शाळेपाशी गेले आणि त्या मिशीवाल्यांना छत्रीखाली घेऊन, स्वतः अर्धे भिजत, क्वार्टरपर्यंत सोडून आले. मग इकडे आले. मी दार उघडलं. ह्यांनी छत्री मिटली, माझ्याकडे पाहून सभ्यपणे हसले आणि विचारलं, ‘बाईंकडे आलात का?’

मग म्हणाले, गंमत केली. मीही हसले.

वन्सं, गुडघा बांधा आणि या. पत्र मिळेल त्या दिवशीच्या बसने या. (पत्र पेटीत बाई टाकणार आहेत, म्हणजे मिळेल.) स्टँडवर उतरल्याबरोबर माझं नाव घेऊन हाक मारा. लग्नानंतरचं मारा, आधीचंही मारा, तुम्ही माझ्या मागे मला जे म्हणता तेही चालेल. तुमच्या आवाजाबद्दल मी आजवर घरात, दारात आणि तुमच्या बंधूंच्या कानात जे जे काही बोलले, ते सगळं शब्दन् शब्द मागे घेते. शक्य तेवढ्या मोठ्याने मारा.